आवृत्ती पाच आणि पोकळ बाण

मगदूम सरांनी तबस्सुमची चिठ्ठी भिंतीवरून काढली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा एकदा वाचली आणि शेजारच्या रकान्यात टोचली. भिंतीवर रकाने तीन होते. पहिल्यावर लिहिलं होतं ‘घेऊ’, दुसऱ्यावर ‘बघू’ आणि तिसऱ्यावर ‘ठेवू’. ‘घेऊ’ म्हणजे काम या आवृत्तीत जाणार, ‘बघू’ म्हणजे पुढच्या आवृत्तीत, आणि ‘ठेवू’ म्हणजे त्या कामाच्या नावानं आंघोळ करून मोकळं व्हायचं.

“सर, गेल्या सोमवारी ती ‘घेऊ’मध्ये होती,” तबस्सुम म्हणाली.

“होती की. आता ‘बघू’मध्ये आहे.”

“चूक सापडली का काही?”

“एकही नाही,” सर म्हणाले. “त्याचंच मला बरं वाटंना झालंय. एवढं मोठं काम, आणि चूक म्हणून सापडत नाही, म्हणजे ती कुठंतरी दडून बसलीय. गडबड कशाला करायची?”

आमच्या भागात गडबड म्हणजे घाई. सरांना ती माहीत नव्हती. आवृत्ती चार बाहेर पडून दोन वर्षं उलटून गेली होती आणि पाच नंबरची आवृत्ती पुढच्या महिन्यात निघणार, असं आम्ही दर महिन्याला जगाला कळवत होतो.

जगाला म्हणजे खरोखरच जगाला. जयसिंगपुरातल्या एका जुन्या तंबाखूच्या वखारीत बसून आम्ही तिघं जे टूल चालवत होतो, ते नॉर्वेपासून ब्राझीलपर्यंत लोक फुकट वापरायचे. नाव ‘आराखडा’. घराचा नकाशा काढावा आणि घर आपोआप उभं राहावं, तसा त्याचा कारभार होता. पडद्यावर पेट्या काढायच्या, पेट्यांना बाण जोडायचे. त्या चित्रावरून सगळा प्रोग्राम टूल स्वतः लिहायचं. सरांचा एकच दंडक होता: चित्रात जे आहे तेच खरं. प्रोग्राम बदलायचा तर चित्र बदला; तयार प्रोग्रामला हात लावणाऱ्याचा हात सर मोडतील, अशी आमची खात्री होती. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा संसार मांडला, कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि लग्नाच्या मुलीला जपावं तसं प्रत्येक आवृत्तीला जपत बसले. वखारीतली तंबाखू जाऊन वीस वर्षं झाली तरी वास गेला नव्हता. चांगल्या कामाच्या वेळी शिंक आली की लोक थांबतात. आम्ही थांबायचं म्हटलं असतं तर एक ओळसुद्धा लिहून झाली नसती.

मी सुकुमार उपाध्ये. माझं काम वापरणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं. त्यात अर्धा दिवस जायचा. उरलेला अर्धा दिवस मी उचापतींत घालवायचो. तबस्सुम मुजावर मिरजेहून यायची. ती बोलायची कमी आणि तिचं काम बोलायचं जास्त. लोकांनी जुन्या आवृत्तीत काढलेली चित्रं नव्या आवृत्तीत जशीच्या तशी उघडावीत, हे काम तिनं एकटीनं केलं होतं. ज्यानं हे असलं काम कधी केलंय तोच त्याची किंमत जाणेल. बाकीच्यांनी एवढंच समजावं की दुसऱ्याच्या घरातलं सामान एकही कप न फोडता नव्या घरात लावून दिल्यासारखं ते होतं.

सरांना धास्ती होती ती नेमकी याचीच. आवृत्ती तीन त्यांनी कुणाच्यातरी आग्रहानं घाईत काढली आणि लोकांची जुनी चित्रं उघडेनात. चार महिने शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून दुधानं पोळलेले सर ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

त्या सोमवारी बैठक संपल्यावर तबस्सुम माझ्यामागं बाहेर आली. वखारीच्या कट्ट्यावर बसून तिनं जे सांगितलं ते असं. हॉलंडमधल्या एका विद्यापीठात तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळत होती. सगळं जमलं होतं, फक्त एक अट राहिली होती: तिचं काम प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत असायला हवं होतं, तेही महिनाअखेरच्या आत. लिहून तयार आहे, हे तिथं चालणार नव्हतं. आणि ती योजना त्या वर्षापुरतीच होती.

“सरांना सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं. म्हणाले, आवृत्ती कुणाच्या सोयीनं निघत नाही, तयार झाली की निघते.”

“मग?”

“मग काय. बरोबरच आहे त्यांचं,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तबस्सुमला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मला सरांचा मनापासून राग आला. मला वाटलं, हा म्हातारा मुद्दाम करतोय. ही गेली तर टूलचं काय होणार, याच हिशोबानं तिची चिठ्ठी ‘बघू’मध्ये पडलीय. आणि राग आला की मला भांडता येत नाही, खोड्या सुचतात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सरांसमोर अगदी गरीब चेहऱ्यानं बसलो. म्हटलं, सर, एक जण विचारतोय की तुम्ही स्वतः तुमचं टूल कशासाठी वापरता. काय उत्तर देऊ?

सरांनी चहाचा एक घोट घेतला. खरं उत्तर ‘कशासाठीच नाही’ असं होतं.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं झालंय आपलं,” मी म्हटलं. “आवृत्ती कधी काढायची हे आपण भिंतीवर चिठ्ठ्या टोचून ठरवतो. खरं म्हणजे त्याचंच चित्र काढायला पाहिजे. काय काय झालं की आवृत्ती निघते, त्याच्या पेट्या. चित्र झालं की टूलच प्रोग्राम तयार करील, आणि सगळं जुळलं की आवृत्ती आपली आपण बाहेर.”

सरांच्या हातातला कप तसाच राहिला. एखाद्या हलवायाला कुणी म्हणावं की तुमच्या घरी सणाला मिठाई बाहेरून येते, तसा त्यांचा चेहरा झाला. चहा न संपवता ते उठले आणि चित्र काढायला बसले.

दोन दिवस ते जागचे हलले नाहीत. चाचण्यांची पेटी काढली, माहितीपुस्तकाची काढली, परवान्याच्या मजकुराची काढली. सगळे बाण शेवटी एका मोठ्या पेटीत येत होते आणि त्या पेटीवर लिहिलं होतं ‘अ. भ. मगदूम यांची हरकत’. सरांनी हरकत नोंदवली तर आवृत्ती थांबणार, नाही नोंदवली तर निघणार. मी मागं उभा राहून वाट बघत होतो. सरांनी चित्र पूर्ण केलं, कळ दाबली, आणि ती शेवटची पेटी लालभडक झाली.

“का गं बाई?” सर पेटीला म्हणाले.

“मुदत नाही, सर,” मी हळूच म्हटलं. “वाट बघत बसणाऱ्या प्रत्येक पेटीला मुदत पाहिजे, नाहीतर टूल चित्र मान्य करत नाही. नियम तुम्हीच घातलाय.”

खरंच त्यांनीच घातला होता. त्यावर त्यांनी कधीकाळी व्याख्यानंही दिली होती. मुदत नसलेली पेटी म्हणजे लग्नाच्या मांडवात न आलेला नवरा, असं त्यात एक वाक्य होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. तबस्सुम खाली मान घालून काहीतरी टाइप करत होती. शेवटी त्यांनी मुदत घातली: पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच. पेटी हिरवी झाली. तो शुक्रवार महिन्यातला शेवटचा होता.

आता एवढंच उरलं होतं की शुक्रवारी पाचपर्यंत सरांनी त्या पेटीत हरकत घालायला विसरायचं. तोंडी हरकतीला किंमत नव्हती. चित्रात जे आहे तेच खरं. पण सर विसरणारे नव्हते. त्यांना विसरायला लावील अशी जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाणांची टोकं.

हे जरा सांगायला हवं. असल्या चित्रांत बाण दोन जातींचे असतात. पोकळ टोकाचा बाण म्हणजे ‘हा त्याचाच एक प्रकार’, जसा आंबा हा फळाचा प्रकार. भरीव टोकाचा बाण म्हणजे नुसता निरोप, इथून तिथं जाणारा. सामान्य माणसाला यात भांडण्यासारखं काय आहे असं वाटेल. सरांचं एका व्याह्यांशी यावरून तुटलं होतं.

वापरणाऱ्यांची एक खुली टपालयादी होती. कुणीही तिथं पत्र टाकावं, सगळ्यांना जावं. सोमवारी सकाळी त्या यादीवर हेन्रिक नावाचा नॉर्वेचा एक गृहस्थ उगवला. त्यानं लिहिलं, पोकळ आणि भरीव हा भेद निव्वळ थोतांड आहे, छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सबब सगळे बाण भरीव करून टाकावेत. हेन्रिकचं नॉर्वे माझ्या टेबलाशी होतं हे सांगायला नकोच.

सरांनी पत्र वाचलं आणि खुर्ची पुढं ओढली. तबस्सुमनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिला कळलं होतं. तिच्या ओठांवर आलेलं हसू तिनं महामुश्किलीनं गिळलं.

सोमवारी सर लिहीत होते. मंगळवारी लिहीत होते. हेन्रिक चिवट होता, पण त्याची गोची अशी होती की सरांचं म्हणणं बरोबर होतं. खोटी बाजू लढवायला अक्कल जास्त लागते आणि हेन्रिककडे ती माझ्याएवढीच होती. बुधवारी दुपारी सरांनी त्याला असा काही आडवा पाडला की ब्राझीलहून तिघांनी सरांचं अभिनंदन केलं. हेन्रिकनं हार मानून निरोप घेतला. सर हात झटकत उठले आणि म्हणाले, “चला, आता त्या आवृत्तीकडं बघतो.”

तबस्सुमनं दुपारचा डबा उघडलाच नाही. मी नवं नाव, नवं भांडण शोधत होतो, पण एकच लबाडी दोनदा करायला जावं तर पकडलं जाण्याची भीती. डोकं चालेना.

आणि गुरुवारी सकाळी यादीवर एडना कार्टर आल्या.

बाई कॅनडाच्या. भाषा अदबशीर, आणि वार असा की मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. त्यांनी लिहिलं होतं, प्रोफेसर मगदूम पोकळ बाणाचे एवढे कैवारी आहेत, तर त्यांच्याच पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधात, तिसऱ्या प्रकरणातल्या मोठ्या चित्रात, भरीव हवा तिथं पोकळ बाण आहे तो कसा? ज्या भेदात त्याचा पुरस्कर्ताच चुकतो, तो भेद बाकीच्यांनी का पाळावा?

वा रे पठ्ठे, असं मी मनात म्हटलं आणि तबस्सुमकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून. तिनं सरांचा प्रबंध कुठून पैदा केला कोण जाणे. मी बोटांनी हळूच टाळी वाजवल्यासारखं केलं. तिनंही मान डोलावून मला दाद दिली. मला वाटलं, विनयानं माझ्याच अंगावर टाकतेय.

सरांचं मग काही विचारू नका. गुरुवार गेला. बाई सोडायला तयार नव्हत्या. सर उत्तर लिहायचे, जरा पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर जायचे, आणि परत येऊन बघतात तर बाईंचं पुढचं पत्र हजर. तबस्सुम पडद्याआड मान घालून बसलेली असायची. एवढ्या भरभर एवढं मुद्देसूद लिहिते, आणि चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नाही, याचं मला कौतुक वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी वखारीत फक्त पंख्याचा आणि सरांच्या बोटांचा आवाज होता. सरांनी एकदम मान वर केली.

“सुकुमार, किती वाजले?”

“चार वाजून गेले, सर,” मी म्हटलं. पावणेपाच झाले होते. चार वाजून गेलेच होते.

“हे एवढं संपवतो,” सर म्हणाले, “मग हरकतीचं बघतो.”

तबस्सुम उठून दाराशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. मला तिची फक्त ओढणीचं टोक पिळणारी बोटं दिसत होती. मी आयुष्यात कधी देवाला काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे नेमकं कसं मागतात ते आठवेना. सर लिहीत राहिले. कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनचा पंखा घुरघुरला. टूलनं बनवलेल्या प्रोग्रामनं चाचण्या तपासल्या, पुस्तक तपासलं, परवाना तपासला, हरकतीची पेटी उघडली आणि ती रिकामी आहे हे पाहून पाचाच्या ठोक्याला आवृत्ती पाच जगासमोर ठेवली. पहिलं पत्र गेलं ते सरांनाच.

सरांनी ते वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“हे कुणी केलं?”

“चित्रानं, सर,” मी म्हटलं.

“चित्र कुणी काढलं?”

“तुम्ही.”

“मग बरोबरच असणार,” सर म्हणाले. त्यांनी खिशातून पैसे काढून मला भडंग आणायला पिटाळलं, तिखट, जास्त लसूण घातलेलं. परत आलो तेव्हा तबस्सुम एकीकडे हसत आणि एकीकडे डोळे पुसत होती आणि सर तिला आवृत्ती सहामध्ये काय काय ‘घेऊ’ ते सांगत होते. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. तीन महिन्यांनी ती हॉलंडला गेली. जुनी चित्रं उघडत नाहीत अशी एकही तक्रार माझ्याकडे आली नाही.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. आवृत्त्या मी काढतो. वेळेवर काढतो आणि शिव्याही वेळेवर खातो. सर ऐंशीला टेकलेत, सहाव्या गल्लीत मुलाकडे असतात. तबस्सुम तिकडेच प्राध्यापक झाली. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा आम्ही दोघं सरांना भेटायला गेलो. गप्पा रंगल्या, आणि मी सगळ्यांसमोर कबूल केलं की हेन्रिक मीच होतो.

“ते मला पहिल्याच पत्रात कळलं होतं,” सर म्हणाले. “तू तक्रारींना उत्तर देतोस तसंच लिहिलं होतंस. सबब, सबब.”

“पण खरी करामत हिची,” मी म्हटलं. “एडना कार्टर.”

तबस्सुम हसायची थांबली. “माझी? एडना तूच होतास की.”

“मी? मला सरांचा प्रबंध कुठून मिळणार?”

“मग मला कुठून मिळणार? त्याची प्रत विद्यापीठात कुलपात, आणि दुसरी…”

ती तिथंच थांबली. आम्ही दोघांनी सरांकडे बघितलं. सर मोठ्या एकाग्रतेनं शालीचा दोरा ओढत होते.

“बाई बऱ्या होत्या,” ते म्हणाले. “भांडायच्या नीट. त्या चित्रातली ती चूक पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. मीच एकटा रोज बघत होतो.”

म्हणजे पाय मोकळे करायला बाहेर जात होते ते शेजारच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत. मला एवढं हसू आलं की ठसका लागला. ठसका ओसरल्यावर मी विचारलं, “पण सर, एवढा खटाटोप कशाला? हरकत नव्हती तर सरळ ‘काढा’ म्हणायचं.”

“हरकत होती की,” सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते तबस्सुमकडे. “गुरुवारी सकाळी नोंदवायला बसलोसुद्धा. त्या पेटीत कारण लिहावं लागतं. कारण नसेल तर पेटी हरकत घेत नाही. तेही माझंच शहाणपण. तासभर शोधलं, आवृत्तीत दोष सापडंना. मनात एकच कारण होतं. ही पोर गेली तर मला करमणार नाही. ते लिहायची लाज वाटली. आणि तोंडानं ‘जा’ म्हणायचं तर तेही निघंना. म्हटलं, मग पाच वाजेपर्यंत हाताला दुसरं काहीतरी काम दिलेलं बरं.”

मी त्यांच्याविषयी कट्ट्यावर बसून जे मनात आणलं होतं ते निम्मं खरं होतं, आणि उरलेल्या निम्म्याची मला कधी कल्पनाच आली नव्हती.

तबस्सुमनं खुर्ची पुढं ओढली आणि सरांचा हात हातात घेतला. “इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला फसवून गेले,” ती म्हणाली. “तिकडं प्रत्येक चांगल्या दिवशी मला ते वाटायचं.”

“मलाही वाटायचं, सांगावं,” सर म्हणाले. “पण सांगायला मुदत नव्हती कुणी घातलेली.”